शंकेची पाल चुकचुकलीच नाही

वाघाचे कातडे पकडले गेले की त्याची बातमी होते, हस्तिदंत सापडले की छायाचित्र छापून येते. पालीच्या वाट्याला असे भाग्य येत नाही. भिंतीवरची पाल झाडूने हाकलायची आणि अंगावर पडलीच तर पंचांगात तिचे फळ पाहायचे, यापलीकडे तिची दखल घेण्याचे आपल्याला कारण पडत नाही. असे असताना २०१६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोहान्सबर्ग येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने जेमतेम सात-आठ सेंटिमीटर लांबीच्या एका जंगली पालीला वाघ आणि हत्ती यांच्या पंक्तीला बसविले. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘सायटीस’ कराराच्या पहिल्या परिशिष्टात तिचा समावेश झाला आणि २ जानेवारी २०१७ पासून जंगलातून पकडलेल्या या पालीचा देशादेशांमधील व्यापार पूर्णपणे निषिद्ध ठरला. शास्त्रीय भाषेत तिचे नाव लायगोडॅक्टिलस विल्यम्सी. बाजारात मात्र ती ‘इलेक्ट्रिक ब्ल्यू गेको’ म्हणून ओळखली जाते.

निर्णयाचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. पण या पालीची मोठ्या प्रमाणावरील लूट २००४ च्या अखेरीपासून नोंदविली गेली होती. म्हणजे लूट आणि बंदी यांच्यामध्ये सुमारे बारा वर्षे गेली. ही बारा वर्षे कशी गेली, याचा हिशेब आज मांडण्याचे कारण असे की, दुर्मीळ परदेशी प्राण्यांच्या खरेदीदारांत आता भारतीय शहरांचीही भर पडली आहे. शिवाय सह्याद्रीच्या कड्याकपाऱ्यांतून गेल्या दोन दशकांत अशाच इवल्याशा, इवल्याशाच जागेत राहणाऱ्या पाली एकामागून एक उजेडात येत आहेत. निळ्या पालीच्या बाबतीत जे घडले, त्यात आपल्यासाठी ग्राहक म्हणून एक धडा आहे आणि मालक म्हणून दुसरा.

केवड्याच्या बेचक्यातले घर

टांझानियाच्या पूर्व भागात मोरोगोरो प्रांत आहे. तेथील उलुगुरू पर्वताच्या पायथ्याशी किंबोझा नावाचे एक राखीव जंगल आहे. चुनखडीच्या खडकावर वाढलेले, सखल प्रदेशातील हे सदाहरित जंगल अवघे चार चौरस किलोमीटरच्या आसपास भरते. या निळ्या पालीचे जगातील मुख्य घर हेच. जवळचे रुवू जंगल आणि आणखी एक-दोन तुकडे जमेस धरले, तरी तिच्या प्रत्यक्ष वास्तव्याचे क्षेत्र ८ चौरस किलोमीटरच्या पुढे जात नाही. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ १०४ चौरस किलोमीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे एका संपूर्ण प्रजातीच्या वाट्याला आलेली जागा किती तुटपुंजी आहे, याची कल्पना येईल.

त्या जागेतही ती सर्वत्र नसते. किंबोझात केवड्याच्या कुळातील एक उंच वाढणारे झाड आहे. त्याच्या शेंड्याकडील लांब, काटेरी पानांच्या झुबक्यात ही पाल राहते. पानांच्या बेचक्यात पावसाचे पाणी साचते, त्या पाण्यावर आणि तेथे येणाऱ्या किड्यांवर तिचा निर्वाह चालतो. आपल्या घरातील पालीप्रमाणे ती निशाचर नाही. ती दिवसा वावरते. नराचा रंग झगझगीत निळा आणि गळा काळा, तर मादी तांबूस-हिरवट छटेची. साधारणतः एका झाडावर एक नर, एक-दोन माद्या आणि काही पिल्ले असा संसार असतो. मादी एका वेळी दोन अंडी घालते. बोटांप्रमाणेच शेपटीच्या टोकालाही चिकटून राहण्याची सोय असल्यामुळे हा प्राणी पानांवर सहज तोल सांभाळतो. आर्थर लव्हरिज यांनी १९५२ मध्ये या प्रजातीचे शास्त्रीय वर्णन केले. त्यानंतर अर्धशतकभर तज्ज्ञांखेरीज कोणाला तिची फारशी आठवण झाली नाही.

तिच्या दुर्दैवाने, एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी ती युरोप-अमेरिकेतील हौशी प्राणीपालकांच्या नजरेत भरली. लहान काचपेटीत मावणारी, दिवसा हिंडणारी, निळ्या रत्नासारखी दिसणारी पाल, असे तिचे वर्णन होऊ लागले. हौसेच्या बाजाराला याहून अधिक काय हवे असते?

संशोधकांनी नंतर केलेल्या पाहणीत जे आकडे पुढे आले, ते विचार करायला लावणारे आहेत. डिसेंबर २००४ ते जुलै २००९ या काळात प्राणी पकडणाऱ्या केवळ एका गटाने किमान ३२,३१० आणि कदाचित ४२,६१० पर्यंत पाली जंगलातून उचलल्या. त्या वेळच्या जंगलातील एकूण संख्येच्या हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. दिवसांवर विभागले तर सरासरी रोज १९ ते २५ पाली. आणि हा हिशेब एकाच गटाचा आहे.

पकडण्याची पद्धत तर अधिकच विनाशकारी होती. पाल शेंड्यावरच्या पानांत दडते, तेथवर हात पोहोचत नाही. तेव्हा झाडच तोडून खाली पाडायचे, असा सोपा मार्ग निवडला गेला. पाली पिशवीत गेल्या आणि त्यांचे घर जमिनीवर आडवे झाले. पकडलेल्या पालीची जागा घ्यायला दुसरी पाल येईल, अशी शक्यताही त्यामुळे उरली नाही. जे झाड वाढायला अनेक वर्षे लागतात, ते काही मिनिटांत गेले. मागणीचा भार अशा रीतीने प्रजातीवर दुहेरी पडला.

चोराची पाल सावाची कशी झाली?

येथे कोणीही विचारील, की टांझानियात कायदा नव्हता काय? कायदा होता. किंबोझा हे राखीव जंगल आहे. तेथून परवान्याविना प्राणी पकडणे हा गुन्हा होता आणि या पालीच्या निर्यातीसाठी टांझानियाने परवाने दिलेले नव्हते. म्हणजे युरोपातील दुकानांत पोहोचलेली जंगलातील प्रत्येक निळी पाल मूळ देशाच्या दृष्टीने चोरीचीच होती. लायगोडॅक्टिलस या गटात दिसायला मिळत्याजुळत्या अनेक पाली आहेत. बंदरावरच्या वा विमानतळावरच्या अधिकाऱ्याला त्या गर्दीत निळ्या पालीची मादी किंवा पिल्लू ओळखता येईल, ही अपेक्षाही अवास्तव होती.

परंतु एकदा का ती पाल युरोपात उतरली, की तिच्याविषयी शंका घेण्याचे कोणाला कारण उरत नसे. कारण तेथील कायदा प्रश्न विचारीत असे तो एवढाच, की हा प्राणी सायटीसच्या यादीत आहे काय? तो यादीत नव्हता. त्यामुळे आयातीसाठी वन्यजीव परवान्याची अट नव्हती, विक्रीला अडकाठी नव्हती, पाळण्यावर बंधन नव्हते. टांझानियात चोराची असलेली पाल युरोपच्या विमानतळावर उतरताच सावाची झाली. विकणारा राजरोस विकत होता, घेणारा सद्भावनेने घेत होता आणि तिकडे किंबोझात झाडे पडत होती. या साखळीत कोठेच शंकेची पाल चुकचुकली नाही, हेच या प्रकरणाचे मर्म आहे.

सायटीस कराराची रचना पाहिली म्हणजे असे का झाले, ते कळते. १९७३ मध्ये वॉशिंग्टन येथे झालेला हा करार १९७५ मध्ये अमलात आला. भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. कराराची तीन परिशिष्टे आहेत. पहिल्या परिशिष्टातील प्रजातींचा व्यापारी हेतूने होणारा आंतरराष्ट्रीय व्यवहार निषिद्ध असतो. दुसऱ्यातील प्रजातींचा व्यापार परवान्यांच्या आधारे, प्रजातीला धोका नसल्याची खात्री करून होऊ शकतो. तिसऱ्यात एखादा देश आपल्या हद्दीतील प्रजाती स्वतःहून नोंदवून इतरांचे सहकार्य मागू शकतो. पहिल्या दोन परिशिष्टांत नाव घालायचे तर प्रस्ताव, पुरावे, चर्चा आणि गरज पडल्यास दोन तृतीयांश मते लागतात. परिषद साधारणतः तीन वर्षांनी भरते. याचा अर्थ असा, की ज्याचे नाव यादीत नाही, त्याला करारापुरते अस्तित्वच नाही. संरक्षण हा अपवाद आणि मोकळीक हा नियम.

हत्ती किंवा गेंडा यांसारख्या प्राण्यांबाबत ही पद्धत निभावून जाते, कारण त्यांच्यावर साऱ्या जगाची नजर असते. पालीबाबत ती लंगडी पडते. निळ्या पालीची कालगणना पाहा. लुटीची नोंद २००४ च्या अखेरीपासून. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तिला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरविले ते २०१२ मध्ये. युरोपीय संघाने स्वतःच्या नियमावलीत तिचा समावेश करून आयातीवर निर्बंध आणले ते डिसेंबर २०१४ मध्ये. सायटीसचा शिक्का बसला २०१६ मध्ये. प्रत्येक पायरी आपापल्या जागी रीतसर होती. पण बाजार मात्र रीतसर थांबून राहिला नव्हता.

ही एकट्या पालीची कहाणी असती, तर अपवाद म्हणून सोडून देता आली असती. तसे नाही. २०२० मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, जगातील सरपटणाऱ्या प्राण्यांच्या ३६ टक्क्यांहून अधिक प्रजातींचा व्यापार होतो. त्यांची संख्या ३,९०० च्या पुढे जाते. त्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश प्रजातींचा व्यापार कोणत्याही आंतरराष्ट्रीय नियमनाच्या कक्षेबाहेर आहे. निळी पाल निदान यादीत पोहोचली. तिच्यामागे रांगेत उभ्या असलेल्यांची संख्या हजारांत आहे.

पैदाशीचा युक्तिवाद

या विषयाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. प्राणीपालकांचे म्हणणे असे, की ही पाल बंदिस्त वातावरणात सहज वाढते, अंडी घालते, पिल्ले जगतात. तेव्हा पाळीव पैदाशीला मोकळीक दिली तर जंगलातून पकडण्याची गरजच संपेल आणि जंगल उद्या नष्ट झालेच तर प्रजाती तरी शिल्लक राहील. हा युक्तिवाद फेटाळून लावण्याजोगा नाही. युरोपातील प्राणिसंग्रहालयांत या पालीची नियोजित पैदास होते, अनेक हौशी पालकांनीही ती यशस्वी केली आहे. त्यांच्या अनुभवातून तिच्या जीवनक्रमाची पुष्कळ माहिती हाती आली, हे मान्य करावे लागेल.

अडचण आहे ती अर्थकारणाची आणि पुराव्याची. पैदास करायची तर काचपेटी, उष्णता, दिवे, खाद्य आणि मुख्य म्हणजे वेळ लागतो. जंगलातून पकडलेली पाल स्थानिक मजुराला क्षुल्लक मोबदला देऊन मिळते. जोवर जंगलातला माल स्वस्त आहे आणि तो विकण्यास मज्जाव नाही, तोवर प्रामाणिक पैदासकाराला बाजारात टिकणे कठीण जाते. पुन्हा, ‘बंदिस्त पैदास’ अशी चिठ्ठी लावली की जंगलातली पाल आणि काचपेटीतली पाल यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणजे पैदाशीची सबब चोरट्या मालाला पांघरूण म्हणूनही वापरता येते. बंदी आली म्हणून पैदास थांबत नाही. उलट पैदाशीचे कागद दाखविण्याची जबाबदारी विक्रेत्यावर येते आणि त्यातून खऱ्या पैदासकाराचाच लाभ होतो. म्हणूनच २०१६ चा निर्णय हौशी पालकांच्या विरोधातला मानण्याचे कारण नव्हते.

विज्ञानाची अडचण

या बाजाराचा आणखी एक पैलू संशोधकांना अस्वस्थ करणारा आहे. नवी प्रजाती सापडली की तिचे वर्णन प्रसिद्ध करताना ती कोठे सापडली, हे नेमके लिहिण्याची विज्ञानाची परंपरा आहे. त्याशिवाय दुसऱ्या संशोधकाला पडताळा घेता येत नाही. परंतु हाच तपशील प्राणी पकडणाऱ्याच्या हाती आयता नकाशा ठरतो. दक्षिण चीनमधील गोनियुरोसॉरस लुई या पालीचे वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर तिला एवढी मागणी आली, की ज्या ठिकाणाहून तिचे वर्णन झाले त्या मूळ ठिकाणी ती उरलीच नाही. २००६ मध्ये काही संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकातून, शास्त्रीय वर्णनच प्रजातीच्या मुळावर येऊ शकते, असा इशारा दिला तो या अनुभवातूनच.

व्हिएतनामच्या दक्षिण टोकाजवळील होन खोआई या छोट्या बेटावरील पालीचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. निळसर अंग आणि नारिंगी पाय-शेपूट असलेल्या या पालीचे वर्णन २०१० मध्ये ‘निमास्पिस सायकेडेलिका’ या नावाने झाले. काही वर्षांतच ती युरोपच्या बाजारात दिसू लागली. जोहान्सबर्गच्या ज्या परिषदेत टांझानियाची निळी पाल पहिल्या परिशिष्टात गेली, त्याच परिषदेत हिलाही तेथे स्थान द्यावे लागले. जगाला परिचय झाल्यापासून सहा वर्षांत सर्वोच्च संरक्षणाची वेळ!

सह्याद्रीतील पाली

‘निमास्पिस’ हे नाव महाराष्ट्रातील निसर्गप्रेमींना नवे नाही. दिवसा वावरणाऱ्या, गोल बाहुल्यांच्या, खडकांवर आणि झाडांच्या बुंध्यांवर राहणाऱ्या लहानशा पालींचा हा गट पश्चिम घाटात विपुल आहे आणि त्यातील अनेक प्रजाती अगदी अलीकडे ओळखल्या गेल्या. कोल्हापूर जिल्ह्यातील दाजीपूरच्या परिसरातून २००९ मध्ये ‘कोल्हापुरेन्सिस’, साताऱ्याच्या कास परिसरातून २०१४ मध्ये ‘गिरी’, आंबोलीतून २०१६ मध्ये पिवळ्या पोटाची ‘फ्लॅव्हिव्हेंट्रालिस’, अशी ही मालिका आहे. २०२४ मध्ये तमिळनाडूतील श्रीविल्लिपुत्तूरच्या परिसरातील एका प्रजातीला तर तिच्या रंगसंगतीवरून चित्रकार व्हॅन गॉग यांचे नाव देण्यात आले. या शोधांत महाराष्ट्रातील तरुण संशोधकांचा वाटा मोठा आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे.

या पालींपैकी अनेकींचे ज्ञात वास्तव्य एखादा डोंगर, एखादे पठार किंवा एखाद्या घाटाचा परिसर एवढेच आहे. किंबोझाशी असलेले साम्य येथे सुरू होते. छोटे क्षेत्र, आकर्षक रूप, ताजी प्रसिद्धी आणि पोहोचण्याजोगे ठिकाण, असे सर्व घटक जमून आलेले आहेत. त्यांची लूट सुरू झाली आहे, असा येथे दावा नाही. मात्र लूट सुरू झाल्यावर जाग येऊन उपयोग नसतो, हे टांझानियाने दाखवून दिले आहे.

‘आपल्याकडे कायदा कडक आहे’ हे उत्तरही पुरेसे नाही. आंध्र प्रदेशातील गूटी येथून १८९९ मध्ये वर्णिलेला एक निळा वृक्षकोळी आहे. शास्त्रीय नाव पोसिलोथेरिया मेटॅलिका. शंभर वर्षे तो पुन्हा कोणाला आढळला नव्हता. २००१ मध्ये नंद्याल-गिद्दलूर दरम्यानच्या जंगलात तो पुन्हा सापडला आणि पाहता पाहता जगभरच्या कोळीपालकांच्या संग्रहातले ते एक रत्न ठरले. संघाने २००८ मध्ये त्याला अतिसंकटग्रस्त ठरविले. या वृक्षकोळ्यांच्या सबंध गटाला सायटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात स्थान मिळाले ते २०१९ मध्ये. तोवर त्याची पिढ्यान् पिढ्या परदेशात पैदास होऊन विक्री होत राहिली. घराला कुलूप होते, पण बाहेरच्या बाजारात चोरीचा माल कोणी तपासत नव्हते.

ग्राहक म्हणून आपण

आता दुसरी बाजू. गेल्या काही वर्षांत मुंबईच्या विमानतळावर थायलंडहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानातून सरपटणारे प्राणी जप्त होण्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. २०२५ च्या जूनच्या सुमारास तर एका प्रवाशाच्या सामानात डझनावारी विषारी सापही सापडले. हे प्राणी कोणासाठी येतात? मुंबई, पुणे, बंगळूर, चेन्नई अशा शहरांतील सदनिकांमध्ये काचपेटीत काहीतरी ‘वेगळे’ ठेवण्याची हौस वाढली आहे, याचे हे प्रत्यंतर आहे.

कायद्याने या बदलाची दखल उशिरा का होईना घेतली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मुख्यतः देशी प्राण्यांचा विचार करणारा होता. परदेशी प्राणी एकदा सीमाशुल्काच्या दारातून आत आला की त्याच्याविषयी विचारणारे कोणी नसे. म्हणजे युरोपात निळ्या पालीचे जे झाले, तीच स्थिती आपल्याकडेही होती. जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना स्वेच्छेने माहिती देण्याचे आवाहन केले आणि सहा महिन्यांत नोंद करणाऱ्यांना कागदपत्रांची सूट दिली. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यात सायटीसमधील प्रजातींसाठी चौथी अनुसूची आली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम निघाले आणि अशा प्राण्यांची नोंद ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावरून करणे बंधनकारक झाले.

हे पाऊल निश्चितच पुढचे आहे. तरीही त्यातील उणीव नजरेआड करता येणार नाही. चौथी अनुसूची सायटीसच्या याद्यांवर आधारलेली आहे. ज्या प्रजाती त्या यादीत नाहीत, त्यांच्यासाठी ही नोंदणीही नाही. म्हणजे टांझानियाची निळी पाल २०१० मध्ये मुंबईत आली असती आणि आजचाच कायदा तेव्हा असता, तरी ती बेधडक विकता आली असती. बारा वर्षांचे जे भगदाड युरोपीय व्यवस्थेत होते, ते आपण नव्या कायद्यात जसेच्या तसे उतरवून घेतले आहे.

काय करता येईल?

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. पहिला, सायटीसच्या तिसऱ्या परिशिष्टाचा. त्यासाठी परिषदेची वाट पाहावी लागत नाही, मतदान लागत नाही. न्यूझीलंडने आपल्या देशी पाली २००३ मध्ये याच मार्गाने यादीत नेल्या आणि त्यांतील हिरव्या पालींचा गट २०१३ मध्ये दुसऱ्या परिशिष्टात गेला. भारतानेही पूर्वी काही प्राण्यांसाठी तिसऱ्या परिशिष्टाचा आधार घेतला आहे. पश्चिम घाटातील अत्यल्प क्षेत्रात राहणाऱ्या पालींसाठी तो का घेऊ नये? त्यामुळे व्यापार पूर्ण थांबणार नाही, पण परदेशी विमानतळावर उतरलेल्या पालीला ‘कागद कोठे आहेत’ असे विचारणारा अधिकारी तरी असेल.

दुसरा उपाय तत्त्वाचा आहे. जो प्राणी मूळ देशात बेकायदा पकडला गेला, तो खरेदी करणाऱ्या देशातही बेकायदा मानला जावा. अमेरिकेच्या लेसी कायद्यात हे तत्त्व आहे. परक्या देशाचा वन्यजीव कायदा मोडून आणलेल्या प्राण्याचा व्यवहार तेथे गुन्हा ठरू शकतो. मूळ कायदा १९०० सालचा आहे. युरोपातही या दिशेने विचार चालू झाला. भारताने आपल्या कायद्यात असे कलम आणले, तर यादीतील भगदाड बऱ्याच अंशी बुजेल. शिवाय आपल्या कोळ्यांसाठी आणि पालींसाठी इतरांकडे हीच मागणी करण्याचा नैतिक अधिकारही आपल्याला मिळेल.

तिसरा उपाय संशोधक आणि प्रसारमाध्यमे यांच्या हातातला. नव्या प्रजातीचे स्वागत व्हावे, पण तिचा नेमका ठावठिकाणा सार्वजनिक करण्यापूर्वी दोनदा विचार व्हावा. जिल्ह्याचे नाव सांगून भागत असेल तर पठाराचे, ओढ्याचे आणि मंदिराचे नाव सांगण्याची गरज नाही. तपशील शास्त्रीय संस्थांकडे सुरक्षित ठेवता येतो. छायाचित्रांसोबत समाजमाध्यमांवर जाणाऱ्या स्थळनिर्देशांनाही हेच लागू आहे.

या सर्व उपायांनंतरही एक गोष्ट उरतेच. व्यापार थांबला म्हणजे जंगल वाचले, असे होत नाही. किंबोझात वणवे लागतात, लाकूडतोड होते, बाहेरून आणून लावलेल्या सेड्रेला जातीच्या झाडांनी मूळ वृक्षांची जागा बळकावली आहे. आजूबाजूच्या गावांतील लोक गरीब आहेत. ज्यांनी पाली पकडल्या त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही, नफा दूरच्या दुकानांत झाला. अशा माणसांना केवळ कायद्याचा बडगा दाखवून जंगल राखता येत नाही. सह्याद्रीतही धोक्याचे पहिले कारण व्यापार नसून खाणी, रस्ते, पठारांवरील बांधकामे आणि वणवे हेच आहे. पश्चिम घाटातील ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविण्यासाठी २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. सहावा निघाला तो वायनाडमधील भीषण दरडीनंतर दुसऱ्याच दिवशी. दहा वर्षे मसुद्यांत जातात तेव्हा जंगलातले घड्याळ थांबलेले नसते, हे निळ्या पालीच्या बारा वर्षांनी आधीच सांगितले होते.

शहरातील वाचकाच्या हाती यातले फार थोडे आहे, असे वाटणे साहजिक आहे. तरी एक गोष्ट नक्कीच आहे. दुकानात किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एखादा देखणा, अपरिचित प्राणी विकायला दिसला, तर तो कोणत्या जंगलातून आला, त्याच्या पैदाशीचा पुरावा काय आणि त्याची नोंद झाली आहे काय, हे तीन प्रश्न विचारता येतात. उत्तर समाधानकारक नसेल तर व्यवहार टाळता येतो. किंबोझाच्या निळ्या पालीच्या नशिबी असे प्रश्न विचारणारा ग्राहक फार उशिरा आला. आंबोलीच्या किंवा कासच्या पालीवर ती पाळी येऊ नये.